मेसाठी बांधलेल्या घरात पौषातली थंडी: कुत्री, मांजरं, पाखरं कशी सांभाळायची

खान्देशात उन्हाळ्याची तयारी कुणाला शिकवावी लागत नाही. होळी झाली की कूलरचं गवत बदलायचं, गच्चीवर चुना मारायचा, माठाखाली ओली वाळू घालायची, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. थंडीचं मात्र तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत काही दिवस धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. पेपरात तोरणमाळ-डाबकडच्या गोठलेल्या दवाचे फोटो येतात. रावेर-यावलकडचे केळीवाले रात्री बागेच्या बांधावर धूर करतात. आणि आपण "यंदा जरा जास्तच आहे बुवा" म्हणत गोधडी डोक्यावर ओढतो. ओट्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला आणि गॅलरीतल्या पिंजऱ्यातल्या पाखरांना ती सोय नसते.

"ते कुत्रं शे, त्याले काय थंडी वाजस!" हे तर गल्लीत दर हिवाळ्यात ऐकू येतं. वाजते, चांगली वाजते. आपल्याकडची गावठी कुत्री-मांजरं ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्याला सरावलेली असतात. त्यांची कातडी पातळ, केस आखूड, आतली लोकर जवळजवळ नाहीच. शिवाय आपल्या हिवाळ्याची एक खोड आहे: दुपारी २७-२८ अंश आणि पहाटे ६-७. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री सरळ वर निघून जाते, आणि त्यात उत्तरेकडून येणारा वारा. एकाच दिवसात वीस अंशांचा हा झोका म्हाताऱ्या जनावराला आणि पिल्लाला झेपत नाही.

पण जनावराइतकीच अडचण घराची आहे. आपली घरं मे महिन्यासाठी बांधलेली आहेत: उंच छत, झरोके, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या, पाय थंड राहावेत म्हणून शहाबादी किंवा कोटा फरशी. उन्हाळ्यात जे जे कामाला येतं, तेच थंडीत अंगावर येतं. जुनं जाड भिंतींचं, मातीच्या धाब्याचं घर असेल तर तुम्ही सुखी. ते दोन्ही ऋतूंत सांभाळून घेतं. स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरात मात्र एक-दोन दिवसांपुरतं घर उलटं फिरवावं लागतं. ते कसं, ते आता क्रमाने पाहू.

आदल्या दुपारी: वारा कुठून शिरतो?

मोबाइलवर उद्याचं किमान तापमान दहाच्या खाली दिसलं की त्याच दुपारी कामाला लागा. संध्याकाळी सहानंतर खिडक्या लावण्यात निम्मा फायदा हातचा गेलेला असतो, कारण घरातली दुपारची ऊब तोवर बाहेर पडलेली असते.

सगळ्यात मोठं भोक कूलरचं. खान्देशातल्या निम्म्याअधिक घरांत कूलर बारा महिने खिडकीत बसवलेलाच असतो. हिवाळ्यात त्याच्या जाळ्यांमधून गार वारा थेट खोलीत येतो, आणि नेमकं त्याच खोलीत खाली कोपऱ्यात कुत्र्याचं अंथरूण असतं, कारण उन्हाळ्यात त्याला तीच जागा आवडते. रात्री त्या खोलीत उदबत्ती लावून कूलरच्या तोंडाशी धरा. धूर आडवा पळाला की समजायचं. उपाय सोपा आहे: बाहेरून तिन्ही बाजूंना ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक दोरीने आवळायचं, आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारायची. टाकीत पाणी उरलं असेल तर आधी काढून टाका.

मग दाराखालची फट. जुन्या लुगड्याची किंवा चादरीची वळकटी करून दाराशी टाकली की भागतं. खिडकीचे पडदे दिवसा उघडे हवेत, विशेषतः दक्षिण आणि पश्चिमेकडचे. साडेचार-पाचला ऊन कलायला लागलं की ओढायचे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापलेली असते आणि रात्री उशिरापर्यंत कोमट राहते. उन्हाळ्यात जिला आपण शिव्या देतो, तिलाच टेकून जनावराची जागा करा.

एक झरोका मात्र उघडा ठेवायचा. स्वयंपाकघर, गॅस गीझरची न्हाणी आणि जिथे काहीही जळतं अशी कुठलीही खोली पूर्ण बंद करायची नाही. त्याबद्दल पुढे.

कोणती खोली निवडायची? तळमजल्यावरची, मधली, लहान. वरच्या मजल्याची खोली दुपारी छान वाटते, पण पहाटे तोच स्लॅब बर्फासारखा होतो. पत्र्याच्या खोलीत जनावराला ठेवणं म्हणजे उघड्यावरच ठेवणं. दुसरा इलाज नसेल तर पत्र्याखाली एखादी जुनी सतरंजी किंवा बारदानं ताणून बांधा, म्हणजे निदान दवाचे थेंब अंगावर टपकणार नाहीत.

अंथरूण: वरून कमी, खालून जास्त

आपण कुत्र्याच्या अंगावर शाल टाकतो आणि त्याला उघड्या फरशीवर झोपवतो. शाल तो दहा मिनिटांत झटकतो. थंडी मात्र खालून, पोटाला लागते. म्हणून आधी फरशी तोडा, म्हणजे फरशी आणि अंग यांच्यात थर घाला. सगळ्यात खाली लाकडी पाट, जुनी फळी किंवा पुठ्ठ्याचे दोन-तीन थर. त्यावर तागाचं बारदान. त्यावर गोधडीची घडी. बाज असेल तर उत्तमच, फक्त सुंभाच्या किंवा पट्ट्यांच्या विणीतून खालून वारा लागतो, म्हणून तिच्यावरही जाड काहीतरी अंथरा.

गोणी निवडताना लक्ष असू द्या. खताच्या, कीटकनाशकाच्या गोण्या कितीही धुतल्या तरी नकोत. कुत्रं चावतं, पिल्लू चोखतं. धान्याचं रिकामं बारदान झटकून, उन्हात दोन तास टाकून वापरा.

ट्रंकेतून काढलेल्या लोकरी कपड्यांचा प्रश्न वेगळा. त्यांत डांबर गोळ्यांचा वास असतो, आणि एखादी गोळी घडीत अडकून राहिलेली असते. ती कुत्र्याने किंवा मांजराने चावली तर विषबाधा होते, मांजरांना तर जास्तच. जुना स्वेटर किंवा शाल जनावरासाठी काढायची असेल तर घडी पूर्ण उलगडून झटका, दिवसभर उन्हात टाका, आणि वास गेल्याशिवाय घालू नका.

बाहेर अंगणात किंवा शेतावर खोपटं करायचं असेल तर कापडापेक्षा कोरडा पेंढा बरा. कापड दव पितं आणि पहाटे ओलं गार होतं. पेंढ्यात जनावर स्वतःला पुरून घेतं आणि हवा अडकून राहते. नवापूरकडे भाताचा पेंढा मिळतो, बाकीकडे बाजरीचं सरमाड बारीक करून चालतं. खोपट्याचं तोंड उत्तरेला नको. जनावर आत शिरून वळू शकेल एवढीच जागा ठेवा. मोठं खोपटं त्याच्या अंगाच्या उबेने तापत नाही.

स्वेटर हवाच का?

हौस म्हणून नको. आखूड केसांचं, म्हातारं, आजारातून उठलेलं, किंवा पग-डॅशहुंडसारखं जमिनीलगत पोट असलेलं कुत्रं असेल तर जरूर घाला. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांना त्यांचं आपलं पुरतं. (धुळ्यात हस्की पाळणाऱ्यांनी जानेवारीची काळजी करू नये, एप्रिलची करावी.) मांजराला स्वेटर घातलं की ते आडवं पडून राहतं, चालायचंच विसरतं, त्याच्या वाट्याला जाऊ नका.

पिल्लासाठी बाजारातला स्वेटर लागत नाही. घरातल्या जुन्या, धुतलेल्या स्वेटरची बाही कापा. मनगटाची घट्ट किनार मानेशी येते. किनारीपासून दोन बोटं खाली, पोटाच्या बाजूला पुढच्या पायांसाठी दोन छोटी भोकं पाडा. पिल्लाच्या पाठीची लांबी मोजून शेपटीच्या अलीकडे कापा, नर असेल तर पोटाकडून जास्त आखूड, नाहीतर लघवीने भिजेल. कापलेल्या कडेला हाताने चार टाके घाला, म्हणजे धागे सुटून बोटांत अडकत नाहीत. घातल्यावर मानेतून दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

दुपारी ऊन तापलं की स्वेटर काढायचा, बगला बघायच्या, घासलं गेलं असेल तर लालसर दिसतं. ओला झाला तर लगेच काढायचा. ओला स्वेटर नसलेल्यापेक्षा वाईट.

रात्र आणि पहाट

शेवटचं फिरणं सूर्य मावळायच्या आत उरका. रात्री दहाला फक्त लघवीपुरतं अंगणात. झोपायच्या वेळी अंथरुणात ऊब ठेवायची असेल तर रबरी पिशवी किंवा स्टीलची बाटली घ्या. पाणी उकळतं नको: बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसवली पाहिजे, आणि तरीही तिच्यावर मोजा किंवा टॉवेल हवाच. जनावराला भाजतंय हे उशिरा कळतं, आणि म्हाताऱ्याला तर उठून बाजूला होणंही जमत नाही. बाटली अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, नको असेल तर त्याला सरकता आलं पाहिजे.

पिशवी नसेल तर सुती मोज्यात दादर (रब्बी ज्वारी) किंवा बाजरी भरा, तोंड बांधा, मंद तव्यावर उलटपालट करून शेका. धान्य बराच वेळ ऊब धरतं, गळत नाही, आणि वीज गेली तरी अडत नाही. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कमरेला ही पुरचुंडी लावली की ते कसं सैल पडतं, ते बघण्यासारखं असतं.

सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आगेमागे असते. आणि नेमकं तेव्हाच आपण कुत्र्याला फिरायला काढतो. या दिवसांत साडेआठ-नऊच्या आत बाहेर काढू नका. आधी घरातच दोन-चार फेऱ्या मारू द्या, अंग मोकळं होऊ द्या. पाचला उठून चूल पेटवणाऱ्यांसाठी एक सूचना: आधी चुलीत बघा. रात्रीच्या कोमट राखेत मांजर शिरून झोपतं आणि राखेच्याच रंगाचं होऊन जातं. काठीने चूल ढोसून मगच काडी लावा. गाडीचंही तेच. चारचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि चाकांखाली नजर टाका. इंजिनाच्या उबेला मांजरं वर चढून बसतात.

चौकातल्या शेकोटीच्या राखेतही पहाटे कुत्री लोळलेली असतात. खाली निखारे जिवंत असतात आणि पंजे, पोट भाजतं. उठताना शेकोटी पसरून त्यावर तांब्याभर पाणी टाकलं, की काही वेळाने कोमट राख उरते आणि त्या बिचाऱ्यांची सोय होते.

ऊन आलंच नाही तर

आपला खरा हीटर म्हणजे दहा ते चारचं ऊन. ते आलं की रात्र कितीही वाईट गेलेली असो, जनावर भिंतीला टेकून तासाभरात ताळ्यावर येतं. गोंधळ होतो तो ढग, वारा, कधी अवकाळी पावसाची भुरभुर असते त्या दिवशी. हवामान खातंही हे दोन प्रकार वेगळे मोजतं: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक खाली गेलं की थंडीची लाट, आणि किमान १० च्या खाली असतानाच दुपारचं कमाल तापमानही सरासरीच्या साडेचार अंश वा अधिक खाली राहिलं तर तो 'थंड दिवस'. आपल्याकडे लाटा येतात, थंड दिवस क्वचित. म्हणून त्याची कुणालाच सवय नसते.

अशा दिवशी पडदे उघडायचेच नाहीत. सगळ्या जनावरांना एका खोलीत आणा (कुत्र्या-मांजराचं पटत असेल तर), माणसंही तिथेच बसा. चार माणसं आणि एक कुत्रं मिळून लहान खोली बऱ्यापैकी उबदार करतात. अंघोळ पूर्ण बंद. पाय चिखलाने भरले असतील तर कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा आणि लगेच कोरड्या टॉवेलने बोटांच्या मधली जागा टिपा. भिजून आलंच तर आधी कोरडं करा, मग ऊब द्या. ओल्या केसांवरून पांघरूण घातल्याने काही होत नाही.

दिवसभर कोंडलेलं तरणं कुत्रं घर डोक्यावर घेतं. जुन्या सतरंजीच्या घडीत शेंगदाणे किंवा भाकरीचे तुकडे लपवा आणि शोधायला लावा. नाक चालवून ते दमतं, आणि धावून धापा टाकत गार हवाही छातीत जात नाही.

शेगडी, हीटर आणि बंद दार

इथे थोडं थांबून वाचा, कारण थंडीने मरणाऱ्या पाळीव जनावरांपेक्षा ऊब देण्याच्या नादात मरणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं खोलीत ठेवून दार लावायचं नाही. धूर संपला, निखारे लाल झाले की लोक आत आणतात, "आता धूर नाही" म्हणून. पण जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड धुरात दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि निखारा जळतोय तोवर तो तयार होत असतो. पऱ्हाटीचे असोत, बाभळीचे असोत की दुकानातल्या कोळशाचे. लहान जिवाचा श्वास वेगाने चालतो म्हणून त्याला तो आधी बाधतो. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत याचसाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. गॅस शेगडी उबेसाठी चालू ठेवणं हाही तोच प्रकार. मांजर सुस्त, पाखरू खाली पडलेलं आणि तुमचं डोकं दुखतंय, असं झालं तर आधी दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कारण शोधणं नंतर.

विजेचा हीटर घ्यायचाच तर तेल भरलेला रेडिएटर बरा. त्याची कॉइल उघडी नसते. लाल कांड्यांचा हॅलोजन स्वस्त पडतो, पण कुत्र्याच्या शेपटीने आडवा होतो आणि गोधडीला लागतो. कुठलाही असो, सगळ्या बाजूंनी तीन फूट मोकळं, वायर जनावराच्या तोंडाला लागणार नाही अशी भिंतीकडून, आणि रात्री झोपताना बंद. इन्व्हर्टरवर तो चालणार नाही हे लक्षात ठेवा; वीज जाईल तेव्हा उपयोगी पडतील त्या बाटल्या आणि बाजरीच्या पुरचुंड्याच. ब्लोअरने हवा कोरडी होते, आपली हवा मुळात कोरडीच, म्हणून खोलीत पाण्याचं भांडं असू द्या.

खाणं-पिणं

बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत जास्त लागतं, नेहमीच्या वाढप्यात चतकोर भाकरी, एखादं उकडलेलं अंडं वाढवा. घरात गादीवर झोपणाऱ्याला काही वाढवायची गरज नाही. फेब्रुवारीत त्याचं पोट जमिनीला लागेल. अन्न कोमट द्या. बाजरीची भाकरी चुरून कोंबडीच्या अळणी पाण्यात भिजवली की झालं, पण ते पाणी कांदा-लसूण पडण्याआधी काढून घ्यायचं. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या पेशी फोडतात. म्हणजे भरीत, शेवभाजीचा रस्सा, मसाल्याची खिचडी, सगळं बाद. थंडीत घरोघरी होणारे डिंकाचे-मेथीचे लाडूही नकोत: त्यांत मनुका-बेदाणे असतात आणि मनुक्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते. संक्रांतीच्या ताटाजवळ पोरांना बजावून ठेवा.

पाण्याकडे दुर्लक्ष होतं. गार पाण्याला जनावर तोंड लावत नाही. दिवसातून तीनदा कोमट पाणी बदला. बोक्यांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. पाणी कमी पडलं की लघवीचा मार्ग अडण्याचा धोका वाढतो. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट पाहू नका, ते तासांचं काम असतं.

ब्रँडी, रम चमचाभर पाजणारे महाभाग अजून आहेत. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतली ऊब बाहेर निघून जाते आणि जनावर आणखी गारठतं. छातीला बाम चोळणं आणि कापूर हुंगवणंही बंद करा. कापूर त्यांना विषारी आहे आणि ते चाटणारच.

दारातली पिल्लं

कुत्र्यांचा माज भाद्रपदाच्या आसपास, पोटात साधारण ६३ दिवस. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं, आणि थंडी ऐन भरात येते तेव्हा ती जेमतेम महिना-दीड महिन्याची. काही तर त्याहून लहान. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतीची हवा २९ ते ३२ अंश असावी लागते, जी कुत्री स्वतःच्या पोटाने देते. म्हणून उचलून घरात न्यायची घाई करू नका. आईसकट त्यांना आडोसा करा: जिन्याखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, एका बाजूला उघडा ठेवलेला खोका, खाली पुठ्ठा, वर बारदान. आई खायला गेलेली असते, तासा-दोन तासांत येते.

आई खरोखरच नसेल आणि पिल्लू हाताला गार लागत असेल, तर आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकवू नका. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. त्याला शर्टाच्या आत, पोटाला लावून धरा, तासाभरात हळूहळू गरम होऊ द्या. बोटाला थोडं ग्लुकोज घेऊन हिरड्यांना लावा. तोंडात बोट घातल्यावर ते उबदार लागलं आणि चोखायला लागलं की मगच पाजा, उताणं धरून नव्हे, पोटावर ठेवून. साधं गाईचं दूध पातळ पडतं; पिल्लांसाठीची दुधाची पावडर औषधाच्या दुकानात किंवा पशुखाद्याच्या दुकानात विचारा.

पिंजरा आणि टाकी

ज्यांना आपण सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते बहुतेक बजरीगर असतात. पिंजरा गॅलरीतून आत आणा, तिन्ही बाजूंनी सुती चादर, समोरची बाजू उघडी. स्वयंपाकघरात ठेवायचा मोह टाळा: नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पाखरं मिनिटांत मरतात. राळं-बाजरी नेहमीपेक्षा थोडी जास्त द्या. पहाटे पिसं फुलवून बसलं तर ठीक, भर दुपारी उन्हातही फुललेलंच असेल तर आजारी आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ते थंडीत आणि उन्हाळ्यातही.

माशांच्या टाकीत गोल्डफिश असतील तर चिंता नाही, गार पाणी त्यांना मानवतं. गप्पी, एंजल, फायटर यांना २४-२६ अंश लागतात. अंदाजे लिटरला एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या. थंडीच्या दिवशी पाणी बदलू नका, आणि खाणं निम्मं करा.

गोठ्याकडे

शेळी-बोकडांना गार हवेपेक्षा ओल्या जमिनीचा त्रास होतो. संध्याकाळी मूत्र वाहून जाईल असा उतार, वर कोरडी माती किंवा भुसा. वैरण संध्याकाळी द्या, कोरडी: कडबा, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भूस. रात्रभर पोटात ती आंबत असते आणि तीच शेळीची शेगडी. सकाळी दव वाळल्याशिवाय चारायला सोडू नका. करडांना बारदानाची झूल पुरते. गोठ्यात पऱ्हाटीचा जाळ करायचा नाही. शेजारी कडब्याची गंज असते, बाकी सांगायला नको.

गारठलेलं जनावर

थरथर चालू आहे तोवर शरीर लढतंय. थरथर थांबली, पण जनावर सुस्त, पाय अडखळतायत, हिरड्या पांढुरक्या, तर ते सुधारणं नव्हे, बिघडणं आहे. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर घाला. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, मांजराचं १००.५ ते १०२.५. ९९ च्या खाली आलं की डॉक्टर.

तोवर काय करायचं? कोरडं करून गोधडीत गुंडाळा. फडक्यात गुंडाळलेल्या कोमट बाटल्या छाती आणि पोटाला लावा, पायांना नको. पाय आधी तापवले तर गार रक्त हृदयाकडे धावतं. चोळू नका. गरम पाण्याच्या बादलीत बसवू नका. हेअर ड्रायर जवळून मारू नका. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान मोजून कागदावर लिहा.

घरातली माणसांची औषधं हातातसुद्धा घेऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि किडनीत बिघाड करतात.

गुरं-शेळ्यांसाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाची चौकशी करता येते. कुत्र्या-मांजरासाठी जवळच्या डॉक्टरांचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये असू द्या आणि रात्री ते येतात का, तेही विचारून ठेवा. फोनवर "लई सिरियस आहे हो" एवढंच सांगितलं तर त्यांना काही कळत नाही. वय, अंदाजे वजन, किती वेळ गारठ्यात होतं, भिजलं होतं का, थरथर आहे की थांबली, शेवटचं तापमान किती आणि कधी मोजलं, खोलीत शेगडी होती का: एवढं सांगा, आणि निघताना गाडीच्या काचा वर करा.